राणीच्या कपाळावरचा फुगा

मखमलाबादला साळूबाईंच्या मळ्यावर कुणी पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला झेंडू दाखवला जायचा आणि चहाच्या नंतर राणी. झेंडू दिसायचा. राणी मात्र कुणालाच दिसायची नाही, कारण ती शेडमध्ये ताडपत्रीखाली, ताडपत्रीखालच्या काचेखाली आणि काचेच्याही खाली पिवळीजर्द पडलेल्या प्लास्टिकच्या फिल्मखाली होती. पाहुणा बिचारा काचेला नाक लावून बघायचा. चहाच्या डागासारखं काहीतरी दिसायचं. "दिसली का?" साळूबाई विचारायच्या. पाहुण्याने नुकताच त्यांचा चहा घेतलेला असायचा, त्यामुळे तो "दिसली की" म्हणायचा.

मग साळूबाई सांगायला बसायच्या. राणीचे डोळे कमळाच्या पाकळीसारखे, नाक चाफेकळी, गाल असे की हात लावला तर मळतील. "समदं ह्या हातांनी केलंय," म्हणून त्या दोन्ही हात पुढे करायच्या. झेंडू तोडून तोडून नखांपाशी काळे पडलेले ते हात बघून पाहुण्याला काय वाटायचं ते त्याचं त्याला ठाऊक.

ही राणी होती एका मशीनवर. साळूबाईंचे यजमान जयराम यांनी लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी ते देवळाली कॅम्पातून आणलं होतं. तिथल्या कुठल्याशा क्लबाने ते भंगारात काढलं होतं. टेबलासारखी उतरती पेटी, वर काच, आत लाकडी फळी. स्प्रिंगची मूठ ओढून सोडली की लोखंडी गोळी सणसणत वर जायची, दिवे लागणाऱ्या लाल छत्र्यांवर आपटत, उड्या मारत खाली यायची, आणि खालच्या दोन दांड्यांनी तिला पुन्हा वर टोलवायचं. इंग्रजीत याला पिनबॉल म्हणतात हे ज्ञानेश शाळेत जायला लागल्यावर घरात कळलं. तोवर ते बॉलचं मशीन होतं, आणि नंतरही बॉलचं मशीनच राहिलं.

फळीवर परदेशी राणीचं चित्र होतं. निळा झगा, हातात काठी, डोक्यावर मुकुट. पण क्लबातल्या साहेबलोकांनी इतकं खेळून घेतलं होतं की गोळी लागून लागून राणीचा चेहरा पार उडाला होता. मुकुटाखाली नुसतं लाकूड. जयराम हे मशीन नवरात्रात कालिकेच्या यात्रेत लावणार होते. बिनतोंडाची राणी घेऊन देवीच्या दारात बसायचं कसं, हा प्रश्न होता. जयराम विचारच करत राहिले. ते फुलांच्या पाट्या घेऊन गणेशवाडीच्या बाजाराला गेले असताना साळूबाईंनी मात्र नुकत्याच झालेल्या पोळ्याचे उरलेले रंगाचे डबे काढले, कडुनिंबाची काडी चावून तिचा कुंचला केला आणि बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगाने राणीला तोंड दिलं. शिंगांवर चिकटवतात त्या चकचकीत बेगडाची एक नथही तिच्या नाकात घातली. जयराम बाजारातून आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बरं झालंय." जयरामांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे साळूबाईंना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. पुन्हा गोळी लागून चेहरा जाऊ नये म्हणून जयरामांनी गाड्यांच्या नंबरप्लेटी करणाऱ्या रेडियमवाल्याला घरी बोलावलं आणि अख्ख्या फळीवर पारदर्शक फिल्म चिकटवून घेतली.

पण माणूस धंद्याला बसला की त्याच्या जिभेला हाड राहत नाही. यात्रेत जयराम ओरडायचे, "या, या, मुंबईच्या पेंटरनं रंगवलेली राणी!" बायकोने पोळ्याच्या रंगाने रंगवलेली राणी म्हणून ओरडलं असतं तर लोक थांबले नसते, असं त्यांचं म्हणणं. शेजारी झेंडूची पाटी घेऊन बसलेल्या साळूबाई हे ऐकायच्या आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, की आपलं आपणच सांगायचं. आणि त्या जन्मभर सांगत राहिल्या.

यात्रेत आणखी एक गोष्ट झाली होती. राणीच्या कपाळावर फिल्मला बारीक फुगा आला होता. गोळी बरोबर तिथे आली की टुणकन उडायची आणि भलतीकडेच जायची. पोरं म्हणायची, राणी गोळी झिडकारते. त्या फुग्यामुळे मशीनला गर्दी वाढली, पण जयरामांना तो फुगा सहन व्हायचा नाही. फिल्म नीट न लावणाऱ्या त्या रेडियमवाल्याचा ते दर नवरात्रात नव्याने उद्धार करायचे, आणि तो गृहस्थ रस्त्यात भेटला तर मान फिरवायचे.

पुढे यात्रेत नवे खेळ आले, मग घरोघरी मोबाइल आले, आणि मशीन शेडमध्ये गेलं. फिल्म वर्षावर्षाला पिवळी होत गेली. जयरामही गेले. राणी राहिली ती साळूबाईंच्या जिभेवर.

यंदा ज्ञानेशने मनावर घेतलं. तो सातपूरच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. सुट्टीच्या दिवशी बसून त्याने मशीनच्या वायरी बदलल्या, दिवे लावले, छत्र्यांखालच्या तारांच्या गुंडाळ्या नव्याने भरल्या. नवरात्रात कालिकेच्या यात्रेत बापाच्या जागी मशीन लावायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. सगळं चालू झालं, पण गोळी चालेना. फिल्म जागोजागी सुटून वर आली होती, तिच्या कडा वळल्या होत्या, आणि गोळी त्यात जाऊन अडकायची.

"फिल्म काढावी लागंल, आई," तो म्हणाला.

"काढ की," साळूबाई म्हणाल्या. तेव्हा त्यांना काही वाटलं नाही.

वाटायला लागलं ते गोरक्ष आल्यावर. गोरक्षचा यात्रेत पाळणा असायचा, जयरामांच्या मशीनला अगदी लागून. दोस्ती जुनी. पाळणा सोडून राणी नीट बघायला त्याला कधी सवड मिळाली नव्हती. पण जयरामांनी सांगितलेली मुंबईच्या पेंटरची गोष्ट याच्या डोक्यात जी बसली होती ती बसलीच होती.

"वहिनी, राणी कुणाच्या हातची ते आता निघंल बाहेर," तो चहा पिता पिता हसून म्हणाला. "जयरामभाऊ मला खोटं सांगायचा नाय."

"मग येच तू बघायला," साळूबाई कडाडल्या. "रविवारी काढायची हाय. पुढं बस आन् डोळं फाडून बघ. कमळासारखं डोळं दिसलं नाय तर झेंडूची अख्खी बाग उपटून टाकीन."

गोरक्ष "येतो, येतो" म्हणत गेला. साळूबाई कपबशा उचलायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

कारण खरं सांगायचं तर राणी कशी दिसते हे त्यांना आता आठवत नव्हतं. आठवत होती ती आपण सांगितलेली राणी. इतक्या वर्षांत प्रत्येक पाहुण्यापुढे तिचे डोळे थोडे मोठे झाले होते, नाक थोडं सरळ झालं होतं. जयराम फक्त "बरं झालंय" म्हणाले होते, आणि जयराम बऱ्याला बरंच म्हणणारे होते. फिल्म निघाली आणि खाली एखादं बुजगावणं निघालं तर? साळूबाईंनी उभ्या जन्मात उधारी ठेवली नव्हती, फुलं मोजताना कधी कमी दिली नव्हती. पण ही एक बढाई त्यांनी गावभर वाटली होती, आणि आता ती सगळी एकाच दिवशी परत येणार होती. त्यात चेहरा फिल्मबरोबर उपटूनच आला, तर मग बोलायलाच नको. मुंबईचा पेंटर कायमचा मुंबईचा राहणार होता.

त्या दिवसापासून त्या ज्ञानेशला रोज काहीतरी सुचवू लागल्या. फिल्म राहू दे, वरून दुसरी लाव. यात्रेला पुढच्या वर्षी जाऊ. गोळी बारीक आण, म्हणजे अडकायची नाही. ज्ञानेश हो हो म्हणायचा, आणि एका संध्याकाळी कुणाला न सांगता केस वाळवायचं मशीन घेऊन शेडमध्ये गेला. मोबाइलवर कुणीतरी गरम हवेने स्टिकर काढताना त्याने पाहिलं होतं. कोपऱ्यात हवा मारून त्याने फिल्म ओढली. ती तापून रबरासारखी ताणली गेली, गमाच्या तारा निघाल्या, आणि झग्याच्या काठाचा नखाएवढा निळा रंग तिच्याबरोबर वर आला.

मागोमाग आलेल्या साळूबाईंनी ते पाहिलं. झगा त्यांचा नव्हता, साहेबाच्या देशातला होता, पक्का होता. तोच निघत होता, तर बैलाच्या शिंगांचा रंग कुठे टिकणार?

"बाजूला व्हा," मागून आवाज आला. मनीषा होती.

मनीषा म्हणजे ज्ञानेशची बायको, माहेर घोटीचं. पेठ फाट्यावर तिचं रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेटी, रिक्षांच्या काचांवरची नावं, ट्रकच्या मागची फुलं, दिवसभर तिचं काम एकच, चिकटवणं आणि काढणं. सुनेने लावलेल्या पट्टीत फुगा शोधून दाखवा, असं साळूबाई फुलबाजारात चारचौघींना आव्हान द्यायच्या. सुनेच्या तोंडावर मात्र त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं.

मनीषाने केस वाळवायचं मशीन नवऱ्याच्या हातातून काढून घेतलं. "गरम करून निघतं ते ताजं. हे जुनं हाय. थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी रिक्षा आली ना, का जुनी पट्टी अख्खी टर्रकन निघती, गम पण राहत नाय. तीच उन्हाळ्यात काढा, अर्धा दिवस खरवडत बसायचं. ह्याला गारवा पाहिजे."

"आता भादव्यात कुठून आणायची थंडी?" ज्ञानेश म्हणाला.

साळूबाईंना उत्तर सुचलं होतं, पण ते सांगितलं की फिल्म निघणार होती. त्यांनी पदराचं टोक दोनदा पिळलं. मग सुनेचं तोंड पाहिलं. मनीषा त्या सुटलेल्या कोपऱ्याकडे अशी बघत होती, जशा त्या स्वतः उमलायला आलेल्या वाफ्याकडे बघायच्या.

"बर्फ आन् खडेमीठ," साळूबाई म्हणाल्या. "लग्नात हातानं फिरवायचं आइसक्रीम करायचो, तवा पिंपात तेच घालायचो. हात लावला तर बोटं चिकटायची. मोठ्या परातीत घाल आन् परात ठेव वर. लाकडाला पाणी लागायचं नाय."

मनीषाने सासूकडे पाहिलं. "आई, हे मला का नाय सुचलं?"

साळूबाईंना बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

रविवारी सकाळी ज्ञानेशने मशीनची काच उतरवली, लाल छत्र्या सोडवल्या आणि त्यांचे स्क्रू मसाल्याच्या डब्यात वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले. बर्फाची लादी फोडून परातीत भरली, वर मूठ मूठ खडेमीठ टाकलं. गोरक्ष धुतलेली टोपी घालून आला होता. फुलांचं एक रिकामं क्रेट उलटं घालून त्यावर तो पुढेच बसला, साळूबाईंनी सांगितलं होतं तसा.

मनीषाने सुरुवात झग्यापासून केली. परात ठेवली, थांबली, उचलली, वरचं दव पुसलं, आणि अंगठ्याच्या नखाने कोपरा उचलून फिल्म मागे दुमडत दुमडत, फळीला जवळजवळ घासत ओढली. टर्र असा आवाज झाला. फिल्म काचेसारखी कडक होऊन निघाली. तिच्याखालून असा निळा रंग वर आला, की गोरक्षने टोपी मागे सारली.

"आरं," तो म्हणाला, "हे तर कालच रंगवल्यासारखं हाय."

साळूबाई फळीकडे बघतच नव्हत्या. त्या सुनेच्या हातांकडे बघत होत्या. त्या हातांना घाई नव्हती. परात पुढे सरकायची, हात थांबायचे, पुन्हा टर्र व्हायचं. हात बघता बघता साळूबाई आपली भीती थोडा वेळ विसरल्या. गोरक्षकडे वळून त्या म्हणाल्या, "बघितलं का, कसं काम हाय माझ्या सुनंचं." मनीषाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा ऐकलं होतं.

झगा झाला, मग काठी, मग वरच्या बाजूने मुकुट. शेवटी परात मुकुटाच्या खाली आली.

मनीषाने दव पुसलं, नख घातलं आणि फिल्म उचलली. कपाळावर आल्यावर ती एकदम हलकी होऊन सुटली, चिकटलेलीच नसल्यासारखी. आणि फिल्मच्या चिकट बाजूला रुपयाएवढा लालभडक डाग दिसला.

मनीषाचा हात जागच्या जागी थांबला.

"गेलं," गोरक्ष हळूच म्हणाला.

"थांब, पुढं ओढू नको," ज्ञानेश म्हणाला. पण ती थांबलीच होती. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला होता. "आई, मी हळूच ओढली होती," ती म्हणाली. "खरंच हळूच ओढली होती."

साळूबाई पुढे झाल्या. एवढी वर्षं सांभाळलेला चेहरा कपाळापासून उपटून आला होता आणि उरलेलाही येणार होता. पण सुनेचं तोंड बघवेना, म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या लाल डागावर टेकवलं. बोटाला पूड लागली. शिंगांचा रंग पूड होऊन निघत नाही, त्याच्या खपल्या निघतात. साळूबाईंनी बोट चोळलं आणि मग नाकाशी नेलं.

"कुंकू हाय हे," त्या म्हणाल्या.

कुणाला काहीच कळलं नाही. साळूबाई तशाच उभ्या राहिल्या, बोट नाकाशी धरून, आणि मग त्यांना ती दुपार जशीच्या तशी आठवली. रेडियमवाला फिल्म कापून, मागचा कागद सोडवून तयार बसलेला. जयराम त्याच्यासाठी चहा सांगायला गेलेले. आणि साळूबाईंच्या लक्षात आलं होतं, की डोळे झाले, नाक झालं, नथ झाली, पण बाईचं कपाळ मोकळंच राहिलं. रंगाचे डबे बंद करून माळ्यावर गेले होते. नवी नवरी माणसं बसलेली असताना माळ्यावर कशी चढणार? मग त्यांनी आपल्याच करंड्यात बोट बुडवलं आणि राणीला ठसठशीत कुंकू लावलं. बाईमाणूस आहे, देवीच्या यात्रेला निघालंय, तिला मोकळ्या कपाळाने कसं पाठवायचं? रेडियमवाल्याने वरून फिल्म फिरवली. कोरड्या कुंकवावर फिल्म काय चिकटणार.

हे सगळं त्यांनी सांगितलं, तसं ज्ञानेश डोळे मोठे करून बघत राहिला.

"म्हंजे तो फुगा..."

"माझा," साळूबाई म्हणाल्या, आणि त्यांना असं हसू फुटलं की क्रेटचा आधार घ्यावा लागला. "तुझा बाप मरंस्तोवर त्या रेडियमवाल्याला शिव्या घालीत होता रं. बिचाऱ्यानं फिल्म चांगली लावली होती."

हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. हे ऐकायला जयराम हवे होते, असं त्यांना फार वाटलं. आधी चिडले असते. मग जेवताना एकटेच हसले असते.

गोरक्षने टोपी काढून मांडीवर ठेवली. "वहिनी," तो म्हणाला, "मुंबईचा पेंटर करंड्यातलं कुंकू नाय लावणार."

"मग मी काय सांगत होते?"

"मानलं तुम्हाला."

जे हवं होतं ते मिळालं होतं. राणी आपल्या हातची, हे गोरक्षच्या तोंडून निघालं होतं. इथेच थांबलं तर काय बिघडतं, असं साळूबाईंच्या मनात आलं. कपाळाखालचं अजून पिवळ्या फिल्मखाली होतं, तोवर डोळे कमळाचेच होते. "बास, चहा घेऊ आधी," त्या म्हणाल्या. "बर्फ पण वितळाया लागला."

मनीषाने परात उचललेली होती. तिने सासूकडे एकदा नीट बघितलं. "बर्फ हाय अजून, आई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आन् मी हाय ना." आणि तिने परात राणीच्या तोंडावर ठेवली.

टर्र झालं आणि चेहरा अख्खा वर आला. रंग एवढासुद्धा हलला नव्हता. फक्त बेगडाची नथ फिल्मला चिकटून निघून आली.

डोळे कमळाचे नव्हते. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा होता आणि दोन्ही चांगलेच वटारलेले होते. नाक चाफेकळी तर नव्हतंच, खाली चांगलं रुंद झालं होतं. गाल शिंगांच्या रंगाचे, हिंगुळासारखे तांबडे. ओठ घट्ट मिटलेले. परदेशी मुकुटाखालून आणि निळ्या झग्यावरून ती राणी थेट समोर बघत होती, आणि तिच्यासमोर उभं राहायला जरा धाकच वाटत होता.

साळूबाई बराच वेळ बघत राहिल्या. "डोळा मोठा झालाय एक," त्या म्हणाल्या. "नाक पण जरा फाकलंय."

मनीषाने मान तिरपी केली. आधी राणीकडे पाहिलं, मग सासूकडे. तिला हसू आवरेना. "आई, गिऱ्हाईक झेंडू अर्ध्या भावात मागतं, तवा तुम्ही अशाच बघता."

ज्ञानेशने पुढे येऊन पाहिलं आणि तोही हसायला लागला. "आयला, खरंच. आई, ही तूच हायेस."

"जयरामभाऊ ह्याच नजरंला भिऊन राहायचा," गोरक्ष म्हणाला. "म्हणूनच बघत उभा राहिला आसंल तवा."

साळूबाईंनी पुन्हा पाहिलं, आणि यावेळी त्यांनाही दिसलं. आरशात बघून काढली नव्हती. रंग भरताना आपल्याच चेहऱ्यावरून हात फिरवला असेल, हाडं कुठे येतात ते चाचपलं असेल. इतकी वर्षं त्या पाहुण्यांना कॅलेंडरवरची बाई सांगत होत्या, आणि फळीवर बसली होती गणेशवाडीच्या बाजारात पहाटे पाटी लावणारी, कुणाला एक पाकळी फुकट न देणारी बाई. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. ही सांगितलेल्या राणीपेक्षा कितीतरी चांगली होती. हिला बघून गोळीनेही वाट बदलली असती, फुगा नसता तरी. आपण काढली, आणि अशी काढली, याचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्या काही बोलल्याच नाहीत.

उरलेला गम मनीषाने पीठ आणि खोबरेल तेल चोळून काढला. साळूबाई घरात गेल्या. मळ्यात आता बैल नव्हते, पण पोळ्याला मातीचे बैल पुजले होते, त्यांच्या शिंगांचा बेगड डब्यात शिल्लक होता. त्यातून त्यांनी नथ कापली आणि राणीच्या रुंद नाकावर चिकटवली. मग करंडा उघडला. जयराम गेल्यावर आयाबायांनी सांगूनही त्यांनी स्वतःचं कुंकू सोडलं नव्हतं, त्यामुळे करंडा भरलेला होता. राणीच्या कपाळावर त्यांनी पूर्वीसारखंच बोट टेकवलं.

मनीषाने तोवर गाडीच्या डिकीतून फिल्मचा नवा रोल आणला होता. दुकानातला सगळ्यात चांगला. "ही पिवळी नाय पडत," ती म्हणाली. "कुंकू पुसून घेऊ, लावू, मग वरून..."

"नको," साळूबाई म्हणाल्या.

"अहो आई, गोळी लागंल. झिजंल."

"झिजू दे."

"आई, चेहरा जाईल," ज्ञानेश म्हणाला. "यात्रेत दिवसभर पोरं खेळत्यात."

"मग खेळू दे की. त्याच्यासाठीच हाय ती." साळूबाईंनी मनीषाचा रोल हातात घेऊन नीट गुंडाळला आणि तिला परत दिला. "एवढी वर्षं झाकून ठेवली, ती आता गेली तर परत यायची नाय म्हणून भ्यायचे. मी काय मेले का? रंग हाय, काडी हाय, हात हाय. गेली तर परत काढीन. परत काढताना नाक नीट करीन."

"नाक हायच आसं राहू द्या," मनीषा म्हणाली.

ज्ञानेशने छत्र्या बसवल्या, काच लावली, दिवे लावले. पहिली गोळी साळूबाईंनी सोडली. गोळी वर गेली, छत्र्यांवर आपटली, वळली आणि सरळ राणीच्या कपाळावरून खाली आली. उडाली नाही. खाली दांडीशी आली तेव्हा तिच्या अंगाला कुंकू लागलं होतं.

नवरात्रात मशीन कालिकेच्या यात्रेत लागलं. गोरक्षच्या पाळण्यावर आता भोंगा असतो, आणि त्यावर तो दिवसभर पाळण्याची जाहिरात करतो. यंदा पाळणा भरला की त्याचा आवाज यायचा, "आन् शेजारीच या, मखमलाबादच्या साळूबाईंच्या हातची राणी बघा!" साळूबाई झेंडूची पाटी घेऊन शेजारी बसलेल्या असायच्या. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्यांनी पाटीतली फुलं उगाचच वर-खाली केली.

नवरात्राच्या माळा संपत आल्या तसा राणीचा एक गाल थोडा झिजला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, साळूबाईंनी काच काढायला लावली, कडुनिंबाची काडी चावली आणि गाल भरून काढला. दुपारी एक बाई लेकरांना घेऊन आली, पोरं खेळत असताना राणीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काय बघती हो ही. मावशी, कुणी काढली?"

साळूबाईंकडे सांगायला पुष्कळ होतं. कमळ होतं, चाफेकळी होती. त्यातलं काहीच त्यांनी सांगितलं नाही. नुसते दोन्ही हात पुढे केले. नखांपाशी अजून ओला तांबडा रंग होता.